दाढीच्या मोलाची तपासणी

लढाई संपली आणि आम्ही दोघं बोरीला परतलो. मी, आणि लान्स नायक सोपान, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. होऊन फौजेच्या सिग्नल तुकडीत भरती झालो. तरी फीत आधी सोपानच्या बाहीवर चढली. ते मला कधी पचलं नाही.

बर्मात एका पहाटे टेलिफोनची तार तुटली. वायरलेसवर हुकूम आला, "लाइन डेड. दोघं जा." तार जोडताना शेजारी गोळा फुटला. माझ्या गुडघ्यात लोखंड शिरलं, सोपानच्या छातीत. तशा छातीनं त्यानं मला पाठीवर घालून आणलं. शाबासकीही त्यालाच मिळाली.

माजुरीची, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन मिळण्याआधी तपासणी होती, जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टर थकलेला होता, माणूस वाईट नव्हता.

"न्हाव्याला एका दाढीचं मिळतं, तेवढंच सरकार मला तुमच्या अख्ख्या देहाचं देतं," तो म्हणाला. "त्यात दिसेल तेवढं लिहीन."

माझी पाळी आली. "चलके बताव."

हुकूम कानावर पडला आणि पाठ आपोआप ताठ झाली. दात आवळून चाललो, लंगडलो नाही, वळून सॅल्यूट ठोकला. डॉक्टरनं लिहिलं, तंदुरुस्त.

मागं सोपान उभा होता. मेंढरामागं उभं राहायची त्याची लहानपणापासूनची रीत. काठी काखेत, सगळा भार एका पायावर, दुसरा पाय अधांतरी. डॉक्टरनं नजर टाकली आणि लिहिलं, एक पाय निकामी.

"साहेब, पाय बरा हाय. छातीत दुखायलंय."

"लिहून झालं. पुढचा."

परतताना सोपान हसायला लागला. "बीए, तुला परेडला बोलावलं व्हतं का?"

"तुझ्या धडधाकट पायाला पेन्शन. माझ्या मोडक्याला काय?"

"मंग पाय बदलून घेऊ," तो म्हणाला, आणि खोकत रस्त्याकडेला बसला. मला त्याचा खोकला ऐकू येत नव्हता. पेन्शन तेवढी दिसत होती.

पुढं तो पेन्शन आणायला जिंतूरला निघाला की मी दार लोटून घ्यायचो. मी शिकलेला, मी जखमी, आणि पैसे त्याला. छाती दाखवायला तो दवाखान्यातही जायचा. तिथं कागद बघून त्याला पायाला चोळायचं तेल द्यायचे. त्याच्या छातीला नळी कुणीच लावली नाही.

थंडीत तो मेंढरातच गेला. काठीला टेकून उभा होता म्हणे, हळूहळू खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याचे दिवस झाल्यावर त्याची बायको काठी घेऊन दारात आली.

"तुमाला द्यायला सांगितलीय. म्हनले, बीएला आता तरी टेकू द्या."

त्या काठीवर मी आजही चालतो. पायाला काय झालं, असं लोक विचारतात. मी त्यांना आधी सोपानच्या छातीचं सांगतो.