सरांचे बूट

चांद्याच्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे सर चकचकीत पॉलिश केलेले बूट घालून मैदानावर येत. आम्ही अनवाणी खेळायचो. पाऊस पडला की सराव बंद. कारण ते सांगत नसत, पण ते रुमालाने बूट पुसायचे तेव्हा आम्हाला ते कळायचं आणि रागही यायचा.

त्या पावसाळ्यात नागपूरच्या ओल्या मैदानावर आम्ही नुसते घसरत राहिलो आणि सपाटून हरलो. परतीच्या गाडीत सर कोणावरच ओरडले नाहीत. वरोरा गाव मागे पडल्यावर एवढंच म्हणाले, "तुमाले चिखलात कधी खेळवलंच नाई मी. माहे बूट खराब होतीन म्हनून."

रविवारी त्यांनी आम्हाला सावली गावी, त्यांच्या भावाच्या शेतावर नेलं. धानाच्या रोवणीसाठी पाणी भरलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, त्यांनी बॉल फेकला, बूट धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, काढून ठेवले आणि सगळ्यांच्या आधी उतरले. पहिल्याच किकला आडवे झाले. आम्ही हसू दाबून उभे.

"हासत काऊन नाई? हासा, अन् या आतमंदी!"

संध्याकाळपर्यंत आमच्या पायांनीच त्यांच्या भावाची रोवणीआधीची चिखलणी फुकटात झाली.

पुढची मॅचही बाहेरगावी, पावसातच झाली. समोरचे घसरत होते, आम्ही उभे होतो. जिंकल्यावर मी सरांना खांद्यावर घेतलं. त्यांचे पाय माझ्या छातीवर लोंबत होते, अनवाणी, चिखलाने माखलेले. बूट त्यांनी चांद्याहून आणलेच नव्हते.