शेवटच्या रकान्यातली टेकडी

वारज्यातल्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलांना अजून समुद्राचा वास येतो आहे; दोनदा धुऊनही. खारट, दमट, किंचित मासळीचा असा तो वास जानेवारीच्या कोरड्या उन्हात हळूहळू विरत जातो, आणि मी खुर्चीत पाय लांब करून, सहलीहून परतलेल्या मध्यमवयीन गृहस्थाला शोभणारा थकवा अंगभर पांघरून बसून राहतो. आम्ही विश्रांतीसाठी गेलो होतो, हे आता कुणाला सांगवत नाही.

या थकव्याचं मूळ माझ्याच हस्ताक्षरात आहे. कात्रजला साप बघायला जायचं तरी मी आधी कागदावर रकाने आखतो. मग विशाखापट्टणमसारखं समुद्रकाठचं शहर, तेही तीन दिवसांत, मी मोकळं कसं सोडणार? सूर्योदय, दीपगृह, रोपवे, बोटीची फेरी, किनाऱ्यावर आणून ठेवलेली पाणबुडी, आणि मध्ये मध्ये 'राखीव : पंधरा मिनिटे'. सुजाताने, माझ्या पत्नीने, तो कागद चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"अहो, समुद्र बघायला चाललोय ना आपण? की त्याची तपासणी आहे?"

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एकच जागा सुचवली होती. शहराबाहेर, किनाऱ्यालगतच्या एका टेकडीवर प्राचीन विहाराचे अवशेष आहेत, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. गेली तीसेक वर्षं दर पावसाळ्यात ते आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बसतात, सतरंजीवर, घरघरणाऱ्या पंख्याखाली. पावसाचे तीन महिने भिक्खू जिथे खरोखर मुक्कामाला राहत, त्या दगडांवर बसून एकदा त्रिसरण म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. गुडघे साथ सोडत चालले होते. चढायचं तर याच वर्षी, असं ते एकदा म्हणाले. आप्पा काहीही एकदाच म्हणतात. मी मान डोलावली आणि ती टेकडी तिसऱ्या दिवसाच्या शेवटच्या रकान्यात लिहिली. दोन हजार वर्षं थांबलेली जागा, ती कुठे पळून जाते, अशी माझी समजूत.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते वासांचे आणि प्रकाशाचे तुकडे होऊन. ओल्या दोरखंडांचा कुबट दर्प, निखाऱ्यावर तडतडणारी कणसं, दुपारच्या पाण्यावर सांडलेली, डोळ्यांना सोसवत नाही अशी चांदी; आणि या सगळ्यावरून आम्हाला हाकत नेणारा माझाच आवाज, "चला, चला!" सूर्योदय ढगांआड झाला, तरी मी कागदावर त्याच्यापुढे खूण केली. आप्पा प्रत्येक ठिकाणी पायथ्याच्या बाकावर बसून आमच्या पिशव्या सांभाळत.

"तुम्ही या जाऊन," ते म्हणायचे. "मी गुडघे शिल्लक ठेवतो."

तिसऱ्या दुपारी पाणबुडीच्या रांगेत आमच्यापुढे दोन शाळांच्या सहली निघाल्या. रांग हलेना.

"सोडा ती पाणबुडी," सुजाता म्हणाली. "आप्पांना उशीर होतोय."

"इतका वेळ उभे राहिलोय, आता दहा मिनिटांसाठी कशाला सोडायची?"

ती दहा मिनिटं तासाभराची झाली. आत एका नळीवर माझं डोकं आपटलं. पण ते, कसं सांगावं, पुरेसं जोरात आपटलं नाही.

टेकडीच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. रखवालदार साखळी ओढत होता. "टाइम हो गया, सार." मी माझ्या पुणेरी हिंदीत काकुळतीला आलो : बुजुर्ग आदमी है, बहुत दूर से आये है. त्याने आप्पांकडे पाहिलं, झाडीत वर वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं, आणि साखळी सैल केली. "दस मिनिट. जल्दी."

"राहू दे," आप्पा म्हणाले.

"अहो आप्पा, तो सोडतोय!"

"त्याची सुट्टी झालीय. पोस्टाच्या खिडकीवर मीही वेळ झाली की फळी ओढायचो. समोर कोण उभं आहे, बघायचो नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी कोरडेपणाने, "आणि दहा मिनिटांत मला वर न्यायचं, तर तुला उचलावं लागेल. तुझी कंबर माहितेय मला."

फाटकाशेजारच्या बुटक्या कठड्यावर ते बसले. चपला काढल्या. सुजाताही त्यांच्या शेजारी बसली. समुद्र आमच्या पाठीशी होता आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आप्पांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलू लागले. रखवालदाराने सायकल बाहेर काढली होती. ती पुन्हा स्टँडला लावून तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

मी चार पिशव्या खांद्यावर घेऊन तसाच उभा. तीन दिवसांत पहिल्यांदाच मला पुढे कुठे जायचं नव्हतं, आणि तो मोकळा वेळ फार जड होता. जी माणसं एकदाच मागतात, त्यांचं आपण सगळ्यांत शेवटी ऐकतो. कारण ती रागावणार नाहीत, याची आपल्याला खात्री असते. आप्पांच्या बाबतीत मी हे किती वर्षं करत आलो असेन?

"आप्पा, मी..." मी सुरुवात केली.

"इथूनही छान दिसतं," ते म्हणाले.

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि वर पाहिलं. मावळत्या उन्हात झुडपं होती, त्यांच्यामागे पुन्हा झुडपं. मला दुसरं काहीच दिसत नव्हतं. तरी मी बराच वेळ बघत राहिलो.