तिसऱ्यांदा विचारायची रीत

हार्लन ट्वेट बोअर मारायचा. आमच्या काउंटीतली निम्मी घरं त्याने काढलेलं पाणी पितात. पाणी लागलं नाही, तर खालचा खडक जणू त्यानेच आणून ठेवला आहे असं तोंड करून उभा राहायचा. उंच, जरा वाकलेला, भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावणारा माणूस. बोलणं अगदी बेताचं. त्याची बायको ओपल सांगायची, "मला मागणी घालायला दोनदा आला आणि हवामानावर बोलून परत गेला. तिसऱ्या खेपेला मीच म्हटलं, बरं बाबा, हो."

तिनाचा हा हिशेब एकट्या हार्लनचा नव्हे. आम्ही सगळी नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्यांची पणतवंडं. आमच्यात कॉफी विचारली की आधी "नको" म्हणायचं, मग "उगाच कशाला त्रास", आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप". अर्धा म्हणजे पूर्ण, हे सांगावं लागत नाही. पहिल्या फटक्यात हो म्हणेल तो हावरट, दोनदाच विचारून थांबेल तो कंजूष. पक्षातही तेच. अध्यक्षपद कुणी मागत नाही. नाव सुचवायचं, माणसाने नको म्हणायचं, गळ घालायची, पुन्हा नको, आणि तिसऱ्यांदा त्याने खाली बघत म्हणायचं, "दुसरं कुणी नसेलच तर..." माझ्या आठवणीतले सगळे अध्यक्ष असेच झाले. मला हा प्रकार कधीच पटला नाही, पण चालत होता.

पक्ष म्हणजे तरी काय होता? रस्त्यांची डागडुजी, शाळेचं छप्पर, कर कमी करा म्हणून कुरकुर. गावोगावच्या प्रतिनिधींच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. मग क्रेग स्टोल्ट राजधानीकडून इथे राहायला आला. घोडे न्यायच्या गाड्या विकतो, दात फार पांढरे. म्हणाला, माझ्याकडे माणसं आहेत. आम्ही म्हटलं, ये बाबा, बरं झालं. मवाळ माणसाला खुर्ची भरलेली दिसली की समाधान वाटतं. तिच्यात कोण बसलंय हे तो बघत नाही. बघेपर्यंत मागची सगळी बाकं क्रेगच्या जहालांची झाली होती. पहिल्याच जेवणाला क्रेगने ताटातला केकचा शेवटचा तुकडा उचलला. अख्खा! आमच्यात त्या तुकड्याचा अर्धा, मग त्या अर्ध्याचा अर्धा करत कण उरेपर्यंत नेतात. हार्लन मला हळूच म्हणाला, "भूक लागली असेल बिचाऱ्याला."

मार्लिस रूड ही आमच्या काउंटीची निवडणूक अधिकारी; इथे हे पदही निवडणुकीनेच भरतात. आमच्याच पक्षाची, आमच्याच मतांवर निवडून आलेली. मागच्या निवडणुकीत आमचा उमेदवार थोडक्यात पडला. मोजणी खोटी होती असं मार्लिसने म्हणावं, हा जहालांचा धोशा. तिने सगळ्यांसमोर मतं पुन्हा मोजली. आकडा तोच. मग तिच्या पत्रपेटीत मेलेली घूस सापडली, दुकानात बायका तिच्याकडे पाठ फिरवू लागल्या. आणि मार्चच्या अधिवेशनासाठी ठराव तयार झाला, की मार्लिस रूड ही पक्षाची गद्दार आहे.

ती हार्लनकडे आली तेव्हा मी ओपलच्या स्वयंपाकघरात बसले होते.

"बाकी कुणी काही म्हणू दे," मार्लिस म्हणाली. "पण पक्षाने म्हटलं तर मी त्या खुर्चीत बसू शकणार नाही. माझे वडील या पक्षात मेले."

"ठराव मांडू द्यायचा की नाही, ते अध्यक्ष ठरवतो," हार्लन म्हणाला. "या वेळी सगळे मलाच करणार आहेत. मी नाही मांडू देणार."

हार्लनच्या तोंडून इतकी वाक्यं मी एका दमात कधी ऐकली नव्हती. मार्लिसने त्याच्या हातावर हात ठेवला. तो लाजला आणि हवामानावर बोलू लागला.

अधिवेशन शाळेच्या भोजनगृहात, शनिवारी सकाळी. आमची डोकी अजून जास्त होती. पण जुने अध्यक्ष कंबरेचं हाड मोडून हॉस्पिटलात. नवा निवडेपर्यंत सभा कोण चालवणार? क्रेग म्हणाला, "मी चालवतो. नियम पाठ आहेत."

"चालवू दे की," हार्लन म्हणाला. "पोरगा उत्साही आहे."

"चोराच्या हाती किल्ल्या," ओपल पुटपुटली.

आमचा दूधवाला एल्डन उभा राहिला. त्याने हार्लनचं नाव सुचवलं. टाळ्या झाल्या. हार्लन टोपी हातात घेऊन उठला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "छे, नको. कुणी तरुण बघा."

आम्ही हसलो. एल्डन पुढची गळ घालायला घसा साफ करत होता, तेवढ्यात क्रेगने हातोडा आपटला.

"मिस्टर ट्वेट यांनी नकार दिला आहे. पुढचं नाव?"

"अहो, थांबा," एल्डन म्हणाला. "अजून आम्ही त्याला..."

"आपण त्यांच्या इच्छेचा मान ठेवू या. पुढचं नाव?"

मागून क्रेगचं नाव आलं. क्रेग म्हणाला, "हो. आनंदाने." असं हो आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकलं. माझ्याने राहवलं नाही. मी उठले. "हार्लनचं नाव मी पुन्हा सुचवते. आणि उगाच नियम दाखवू नकोस, मीही शिकलेली आहे."

क्रेग गोड हसला. "नियम कशाला, बाई? मिस्टर ट्वेट समोरच आहेत. त्यांनी एवढंच सांगावं, की मला अध्यक्षपद हवं आहे. लगेच मतदान घेतो."

सगळ्यांनी हार्लनकडे पाहिलं. दाराजवळच्या टेबलाशी मार्लिस बसली होती, तीही बघत होती.

"ऊठ, मेल्या," ओपलने कोपर मारलं.

हार्लन उठला. टोपी हातात गोल फिरवली. "म्हणजे... सगळ्यांना तसं वाटत असेल तर..."

"तुम्हाला हवं आहे का?"

"माझं काय... सोयीचं असेल तर..."

"हो की नाही, मिस्टर ट्वेट?"

त्याचे ओठ हलले. मान लाल झाली. सत्तर वर्षं जे तोंडातून काढायचं नाही म्हणून शिकवलं, ते तिथे उभ्या उभ्या निघेना. तो खाली बसला. मागच्या बाकांवरून कुणी ओरडलं, "म्हाताऱ्याला पाणी द्या रे! बोअर आटली!" हशा झाला. आमच्यातलेही दोघं हसले, ते मी विसरलेले नाही.

दुसरं नाव नाही म्हणून क्रेगच अध्यक्ष झाला, आणि मार्लिसविरुद्धचा ठराव आरडाओरड्यातच मंजूर झाला. विरोधात हात वर करायला सांगितले तेव्हा आमची बरीच माणसं कॉफी घ्यायला उठली होती. मार्लिस केकचं भांडं तिथेच टाकून निघून गेली.

सोमवारी हार्लन ते भांडं घासून तिच्या कचेरीत घेऊन गेला. ओपल त्याच्याशी बोलत नव्हती, म्हणून मी सोबत गेले. मार्लिस खोक्यात सामान भरत होती.

"राजीनामा देऊ नकोस," हार्लन म्हणाला.

"नको, हार्लन."

"निदान शरदातल्या निवडणुकीपर्यंत थांब. आम्ही आहोत."

"कुठे होतात?" तिने वर न बघता विचारलं. "आता नको."

त्याने भांडं छातीशी धरलं. मग म्हणाला, "मार्लिस, थांब. मला तू इथे हवी आहेस." शनिवारी न निघालेला शब्द आता निघाला.

"नको," ती म्हणाली.

चौथ्यांदा विचारायची रीत आमच्यात नाही. त्याने भांडं टेबलावर ठेवलं, टोपी घातली.

मार्लिस आता बहिणीकडे राहते, दुसऱ्या राज्यात. तिच्या जागी क्रेगची मेहुणी नेमली आहे. शरदात मतं ती मोजेल. हार्लन अजून सभांना जातो, मागे बसतो. मी त्याला स्पष्ट विचारलं, "कशाला जातोस रे?"

"न जाणं बरं दिसत नाही," तो म्हणाला.