सितारामचा ट्रॅक्टर आणि आषाढातलं लग्न

"आषाढात?" सरजाबाईच्या हातातली भाकर तव्याकडे जाता जाता हवेतच थांबली. "अवो, आषाढात लेकीचं लग्न धरलं? कुणाला इचारून?"

"कुणाला कामून इचारू?" सिताराम न्हाणीच्या दगडावर पाय धूत होता. "आपल्याला मुहूर्त न्हाई, चातुर्मास न्हाई. व्याह्यांनी इचारलं, कवा करायचं? मी म्हणलं, आषाढी पौर्णिमेला. भगवान बुद्धानं पहिला उपदेश केला तो दिस. सगळी बैठक खूश झाली बघ."

"बैठक पूर्ण्याला बसली होती ना? तिथं डांबरी सडक हाय." सरजाबाईनं भाकर तव्यावर टाकली. "आन् आपली वाट?"

सितारामनं पायावर तांब्या रिता केला. पायावरून वैशाखाची धूळ ओघळत होती. त्या धुळीचं आषाढात काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

पिंगळी स्टेशनापासून थोडं आत हे गाव. सिताराम रोज पिंगळीला रेल्वे धरून पूर्ण्याच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून जायचा. बहात्तरच्या दुष्काळात गावाला सडक आली. दुष्काळी कामावर सरजाबाईनं स्वतः त्या सडकेची खडी फोडली होती. पण सडक गावाच्या चावडीशी येऊन थांबली. तिथून बौद्ध वस्तीपर्यंतचा तुकडा मातीचाच राहिला. मातीही अशी, काळीभोर, की पाऊस पडला की बैलाचा खूर आत गेल्यावर बाहेर येताना विचार करायचा. आजारी माणसाला बाजेवर घालून न्यायचे, आणि बाज धरणारेच आधी आडवे व्हायचे.

सरजाबाई नवरी होऊन त्याच वाटेनं आली होती. अवकाळी पावसात, गुडघाभर चिखलातून, नव्या चपला हातात धरून. पारावर बसलेली माणसं हसली होती. ते हसू सितारामच्या कानात वीस-बावीस वर्षं तसंच होतं.

"मग पूर्ण्यालाच करू," सत्यशीला म्हणाली. ही त्यांची लेक, वस्तीतली पहिली मास्तरीण; चंद्रभान तिचा होणारा नवरा. "चंद्रभानच्या घरच्यांची ना न्हाई, बाबा."

"न्हाई. माझ्या लेकीचं वऱ्हाड माझ्या दारात येणार. गाडीतून येणार. आन् कोरड्या पायानं उतरणार."

"विमानानं आणायलाव का?" सरजाबाईनं विचारलं.

बातमी गावभर झाली. भगवानराव, गावातले मोठे शेतकरी, विहिरीवरचं ऑइल इंजिन बिघडलं की सितारामलाच बोलवायचे. त्या आठवड्यात तसंच झालं. इंजिन फुकफुक करत सुरू झालं तसे भगवानराव लिंबाच्या सावलीत बसून म्हणाले, "सित्या, मुहूर्त न्हाई पाहिलास, ठीक. निदान ढगाकडं तरी बघायचं!"

आजूबाजूचे गडी खो खो हसले. सितारामनं हात पुसले. त्याची नजर लिंबाखाली गेली. तिथं भगवानरावांचा जुना विलायती ट्रॅक्टर कित्येक वर्षं उभा होता. रेडिएटरमध्ये गवत, सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली.

"भगवानराव, आजची मजुरी नको. पुढं पाच वर्षं इंजिन मी बघतो. हे मला द्या."

"हे? आरे, ह्याचा पिस्टन जाम हाय. परभणीचा मेस्त्री हात जोडून गेला."

"माझ्या नशिबात तेच हाय."

"कोंबडी बी घे मग, तिला आता दुसरं घर न्हाई!"

ट्रॅक्टर चार बैलांनी ओढत वस्तीत आला. पोरं मागं, कुत्री पुढं. शेजारची दगडाबाई दारात उभी राहून म्हणाली, "सरजे, तुज्या मालकानं लेकीच्या आधी हिलाच घरात आणली गं!"

"सवत म्हणून ठेवीन," सरजाबाई म्हणाली, "पर न्हाऊ घालणार न्हाई."

न्हाऊ घातलं तिनंच. सुट्टीच्या दिवशी सिताराम एकेक भाग खोलायचा, आणि सरजाबाई अन् सत्यशीला ते पाटीत रॉकेल घेऊन घासायच्या. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेल ओतून त्यानं तसंच मुरू दिलं. घाई केली नाही. शेडमध्ये जुन्या फिटरांकडून तो एकच गोष्ट शिकला होता: जाम झालेल्या वस्तूशी भांडायचं नाही, तिला भिजू द्यायचं. एके सकाळी हँडलवर जोर दिला आणि आतून 'कट्' असा आवाज आला. सिताराम उड्या मारायचाच बाकी होता.

"तुटलं काय?" सरजाबाई धावत आली.

"सुटलं!"

टायरांना भेगा होत्या, त्यात ट्रकच्या टायरचे तुकडे आतून बसवले. चिखलात चाक फिरत राहू नये म्हणून जुन्या साखळ्या मागच्या चाकांना गुंडाळल्या. आणि पुढं, नांगरासारखा तिरपा, भंगार बाजारातून आणलेला बॉयलरचा जाड वाकडा पत्रा. हा पत्रा चिखल ढकलत कडेला लोटणार, काळ्या मातीखालचा घट्ट मुरूम उघडा पडणार. असा हिशेब.

पहिला मोठा पाऊस झाला तशी वस्ती जमली. सितारामनं हँडल मारलं. ट्रॅक्टर खोकला, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागला. टाळ्या पडल्या. पत्रा वाटेत घुसला, दहा पावलं गेला आणि थांबला. काळी माती पत्र्याला अशी चिकटली की पत्राच दिसेना. लोटायचं तर सोडाच, मातीचा डोंगरच ट्रॅक्टर पुढं घेऊन बसला होता. सिताराम पहारीनं खरवडायचा, पुन्हा दहा पावलं, पुन्हा डोंगर.

चावडीवरून कुणीतरी ओरडलं, "सिताराम, माती विकायला न्यायलास का?"

तो घरी आला, जेवायला बसला. पौर्णिमा तोंडावर आली होती. समोर सरजाबाई ज्वारीच्या भाकरी थापत होती. पीठ हाताला चिकटलं की हात पाण्यात बुडवायची, पुन्हा थापायची. थप, थप, थप. सिताराम बघतच राहिला.

"काय बघायलाव? भाकर न्हाई पाहिली का जन्मात?"

"हाताला पाणी कामून लावायलीस?"

"आता घ्या! पाण्याचा हात न्हाई लावला तर पीठ सोडंल व्हय?"

सिताराम ताटावरून उठला. "आगं, तिला बी पाण्याचा हात पाहिजे!"

"कुणाला?"

"तुज्या सवतीला!"

दुसऱ्या दिवशी डिझेलचं रिकामं पिंप ट्रॅक्टरच्या पुढं बसलं. त्यातून एक नळी निघाली, तिला ओळीनं भोकं पाडली आणि पत्र्याच्या वरच्या कडेला बांधली. पाणी पत्र्यावरून पातळ ओघळत राहिलं. ट्रॅक्टर पुढं गेला. माती पत्र्याला लागली, घसरली, कडेला पडली. लोण्यासारखी. सिताराम ओरडला, "सरजे! भाकर सुटली!"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वाट साफ होती. पौर्णिमेला सकाळी आभाळ फाटलं.

वऱ्हाडाचा ट्रक चावडीशी येऊन उभा राहिला तेव्हा मधल्या खोलगट भागात पुन्हा गाळ भरला होता. पारावर गर्दी होती. भगवानराव छत्री घेऊन उभे. सिताराम दारात, नवा पांढरा सदरा, पांढरं धोतर, नवरीचा बाप.

"राहू द्या," चंद्रभानचे वडील ट्रकमधून म्हणाले. "चालत येतो की आमी. त्यात काय?"

"बसून राहा!" सिताराम ओरडला. "एक बी पाय खाली टाकायचा न्हाई!"

"अवो, सदरा!" सरजाबाई मागून म्हणाली.

तो केव्हाच सीटवर होता. "पाणी भरा!"

हातपंपाशी दगडाबाईनं पदर खोचला. लग्नाची लुगडी नेसलेल्या बायांची रांग लागली, घागरीमागून घागर पिंपात. साखळ्या खणखणल्या, चिखल उडाला, सितारामच्या खांद्यावर, छातीवर, मिशीवर. तो चावडीपर्यंत गेला, वळला आणि ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाला, "आता माज्या मागं या."

पुढं ट्रॅक्टर, मागं वऱ्हाड. ट्रक सितारामच्या दारात थांबला. चंद्रभान उतरला, नवे काळे बूट घालून. त्यानं वाकून सासऱ्याला जयभीम केला आणि बुटांकडे पाहून हसला. "मामा, धूळ बी न्हाई लागली."

सदरा बदलायला सिताराम तयार झाला नाही. सगळी माणसं पांढरीशुभ्र, आणि मधोमध एक माणूस चिखलानं ठिपकेदार, छाती काढून बसलेला. वंदना झाली, हार झाले, फुलं पडली.

जेवणाच्या वेळी भगवानराव आले. जोडा हातात नव्हता, पायात होता. "सितारामराव," ते म्हणाले, "आमच्या आळीत बी एक फेरी मारा."

"मारतो की. पर पिंपात पाणी तुमच्या माणसांनी भरायचं."

"भरतील."

"आन् कोंबडी परत मागायची न्हाई."

संध्याकाळी ट्रक लेकीला घेऊन गेला. सरजाबाई सडकेपर्यंत पोचवायला गेली, पायात लग्नाला घेतलेल्या चपला. डोळे पुसत परत आली. दारात आली, पायातल्या कोरड्या चपलांकडे पाहिलं, वळली आणि पुन्हा वाटेला लागली.

"आता कुठं चाललीस?" सितारामनं विचारलं.

"कुठं न्हाई." तिनं मागं पाहिलं नाही. "नुसती जाऊन येते."