सभामंडपातली सुट्टी

मे महिन्यात सहा वर्षांच्या पोराला दिवसभर घरात ठेवायचं म्हणजे काय असतं, हे ज्यानं ठेवलंय त्यालाच माहीत. परीक्षा संपली की माझा मुलगा माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागायचा. बाहेर ऊन असं, की अंगणात राहिलेली चप्पल पायात घालवत नाही. घरात मोबाईल. तो काढून घेतला की भोकाड. नवरा म्हणायचा, "डी.एड. झालीस ना, मग सांभाळ की." झाले होते खरी. पण माझ्या आधी डी.एड. झालेल्या मुली शिक्षक भरतीची वाट बघून थकल्या होत्या. मी कंटाळून लग्न केलं, कळंब तालुक्यातल्या या गावात आले आणि माझ्या शिक्षणाचा उपयोग पापडाच्या लाट्या मोजण्यापुरता उरला.

शेवटी गेल्या वर्षीच्या एका सकाळी पोराला, डबाभर चिंचोके आणि खडूचे तुकडे घेऊन मी महादेवाच्या देवळात जाऊन बसले. सभामंडपाला दगडी फरशी आहे, वारा आरपार येतो. माझ्या पोराला खेळायला मिळावं आणि मला दोन घटका श्वास घेता यावा, एवढाच हेतू होता. पण गावात एका घरचं पोर हसलं की चार घरची बघायला येतात. आठवड्याभरात मंडप भरला.

आलेल्यांपैकी बरीचशी पोरं नुकती ऊसतोडीवरून परतलेली होती. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला जातात, पार कर्नाटकापर्यंत. पोरं बरोबर जातात. ती परत येतात तेव्हा शाळेला कुलूप लावायची वेळ झालेली असते. बाकीच्यांची सुट्टी तीच यांची शाळा, नाहीतर पावसाळ्याचे चार महिने सोडले तर यांना शाळा नाहीच.

त्यांच्यात एक नऊ वर्षांची मुलगी होती. नाव तिसरीच्या पटावर, पण वाचता स्वतःचं नावही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी खांबाला टेकून तिनं मला सांगितलं, "काकू, वाचाया आलं तर बा मला आज्जीपाशी ठिवणार हाय. ह्या दिवाळीला न्हाय नेणार." तिचा बाप देवळापुढंच बिडी ओढत उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली, "व्हय, म्हणलोय म्या."

मग मी त्या मुलीच्या मागं लागले. आमच्याकडं पुस्तकं कुठली? पण उन्हाळ्यात लग्नपत्रिकांना तोटा नाही. गावभरच्या गोळा केल्या. मोठी ठळक अक्षरं, आणि पोरांना सगळ्यात आवडायची ती खालची ओळ, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'. ती ओळ वाचता आली की वाचणाऱ्यानं नवरी व्हायचं आणि बाकीच्यांनी अक्षता म्हणून चिंचोके टाकायचे. माझा मुलगाही दोनदा नवरी झाला. बिस्किटांचे पुडे वाचले, युरियाच्या गोण्या वाचल्या. डी.एड.ला शिकलेली एकच गोष्ट मला मनापासून पटली होती, की जो दुसऱ्याला शिकवतो तो लवकर शिकतो. म्हणून मी एकेका मोठ्याच्या हाती दोन-दोन बारकी दिली.

ती मुलगी त्यात अशी रमली, की मी बघत राहायचे. कडेवर तिचा दीड वर्षाचा भाऊ, हातात कोळसा. मुठीत चिंचोका लपवायचा, कुठल्या मुठीत ते ओळखलं तर फरशीवर एक अक्षर काढून द्यायचं. रडणाऱ्याला आधी पाणी, मग मूठ. उन्हात पळणाऱ्याला हाक न मारता नुसतं नवीन काहीतरी मांडून बसायची, की पळणारा आपण होऊन मागं यायचा. माझ्या वाट्याची दोन बारकीही हळूच तिच्याकडं सरकली होती. मला कौतुक वाटायचं. आणि ती वाचायलाही लागली. जूनच्या तोंडावर एका संध्याकाळी फाट्यावर एसटी आली, तर तिनं पाटी वाचली, 'कळंब, धाराशिव'. दर वेळी कंडक्टरला विचारणारे म्हातारे तिलाच विचारायला लागले. तिचा बाप तिथंच होता. तो हसला. मला वाटलं, जिंकलो.

पावसाळाभर ती शाळेत गेली. दसरा झाला, तोडणीला मजूर ठरवणाऱ्या मुकादमाच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि एके दुपारी तिची आई माझ्या दारात आली.

"ताई, हिला नेतो ह्या बारीला."

"अहो, तिला वाचता येतंय की आता. तुम्ही शब्द दिला होता."

"येतंय की. लई ग्वाड वाचती." ती उंबऱ्यावर बसली. "पर ताई, टोळीत बारकी लेकरं लई हायती. मागल्या साली माझ्या जावंचं लेकरू उसाच्या फडात निजलं हुतं. ट्रॅक्टर मागं आला. कुणीतरी बघितलं म्हणून वाचलं. आता समद्या बाया म्हणत्यात, तुमची पोरगी देवळात धा-धा लेकरं सांभाळती, रडू देत न्हाय, उन्हात जाऊ देत न्हाय. तिलाच कोपीवर, खोपटापाशी ठिवा. आमी निवांत तोडू तरी."

तोडणीच्या काळात पोरांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहाचं मी बोलले. ती शांतपणे म्हणाली, "हिला ठिवता यील. बारक्यांचं काय?" संध्याकाळी बापाकडं गेले, आवाज चढवला, त्याचा शब्द त्याला ऐकवला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खोटं न्हाय बोललो, ताई. पर तुमीच तयार केली की तिला." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो मनापासून आभार मानत होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. त्या रात्री मला हसता आलं नाही, आणि रडूनही काही होणार नव्हतं.

निघायच्या दिवशी ती ट्रॉलीत बोचक्यांवर बसली होती. मी चिंचोक्यांचा डबा आणि चार पत्रिका दिल्या. ती खुशीत होती. "काकू, म्या तिकडंबी शाळा घेणार." मला तिचाही राग आला. अगं, रड की थोडी, असं वाटलं. ट्रॉली फाट्याकडं वळली तेव्हा ती बारक्यांना हात हलवायला शिकवत होती.

यंदा एप्रिलमध्ये ती परत आली. उंच झालीय, वाळलीय. भाऊ आता पळतो, तरी कडेवरच असतो. डब्याचं विचारलं तर म्हणाली, "चिंचोके लेकरांनी भाजून खाल्ले, काकू. भूक लागायची त्यास्नी." मग घाईनं म्हणाली, "पर एकाबी लेकराला कायसुदिक झालं न्हाय." तिच्या तोंडावर तेवढ्यापुरतं तेज आलं. मी नवी लग्नपत्रिका पुढं केली. तिनं बोट ठेवलं, पहिल्या ओळीवर फिरवलं, जोडाक्षरापाशी अडली. मग पत्रिका माझ्या मुलाच्या हातात दिली. "तुमी ह्यांना शिकवा काकू. म्या बारक्यांना घिऊन बसते." आणि खांबाआड जाऊन तिनं मूठ मिटली, उघडली. मुठीत काही नव्हतं, पण लेकरं हसली.

मी यंदा मंडप बंद करणार होते. कुणासाठी करायचं हे सगळं? माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे, तो घरी बसेल मोबाईल घेऊन, बसू दे. तसं ठरवून मी खडू आवरत होते, तेवढ्यात टोळीतलीच एक बाई पायऱ्या चढून आली. बोटाला सात वर्षांची लेक, तेल लावून विंचरलेली, नवा फ्रॉक घातलेली. तिनं लेकीला माझ्यापुढं केलं.

"ताई, हिलाबी तिच्यावाणी तयार करा. तिला एकटीला जड जातंय कोपीवर."

नाही म्हणावंसं फार वाटलं. पण मी नाही म्हटलं तरी ही जाणारच होती, आणि मुठीतला खेळही न शिकता जाणार होती. मी सरकून जागा दिली. पोरगी माझ्याजवळ बसली. खांबाआडून ती मोठी मुलगी उठून आली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं दोन बारकी आणून या नवीच्या पुढ्यात बसवली.