सुरुवात दुसऱ्या भागापासून

"कोणी पाठवलं तुला?"

मुलुंड पश्चिमेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली लायब्ररी चालवणारे काका नव्या गिऱ्हाइकाचं स्वागत असं करायचे. परत आलेलं पुस्तक ते आधी बल्बसमोर धरत, मग कडेने बोट फिरवत, मग वास घेत. वास कशाचा, देव जाणे. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल, आपलीच वाटी परत आली तरी आत डोकावून बघणारा.

मी तेव्हा अंधेरीच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. दिवसभर टाइपरायटर बडवून डोकं भणभणायचं, संध्याकाळी जड काही वाचवत नसे. एकदा काकांच्या दोरीला चिमट्याने लटकलेलं परदेशी कॉमिक दिसलं. वेगवेगळ्या मालिकांतले दोन हीरो, एक उडणारा आणि एक मुखवटेवाला, एकाच मुखपृष्ठावर एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

"काका, मी कधी कॉमिक वाचलेलं नाही. हे दोघं एकत्र कसे आले? कुठून सुरू करू?"

"कोणासाठी हवंय?"

"माझ्यासाठीच."

"नोकरीवाली मुलगी कॉमिक वाचणार? खरं सांग, पलीकडच्याने पाठवलं ना?"

पलीकडचा कोण, हेच मला ठाऊक नव्हतं. बऱ्याच शपथा घेतल्यावर त्यांनी अंक काढून दिला. "इथून सुरू कर."

"यावर भाग दोन लिहिलंय."

"छपाईची चूक असेल."

मीही काही भोळी नव्हे. पहिल्याच पानावर मुखवटेवाल्याचा जबडा सुजलेला होता आणि तो कोणी सुजवला याचा पत्ता नव्हता. काका पहिला भाग कुठेतरी दडवून बसलेत, असा मला दाट संशय आला.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशीने उलगडा केला. काका आणि पलीकडचे, दोघं मालवणकडच्या एकाच गावचे. लायब्ररी दोघांनी मिळून काढलेली. एकदा कॉमिकचा अख्खा गठ्ठाच नाहीसा झाला. काकांना वाटलं त्याने विकला, त्याला वाटलं काकांनी. अबोला झाला, वाटणी झाली, आणि तीही हीरोंची! उडणारा काकांकडे राहिला. मुखवटेवाल्याला घेऊन दुसऱ्याने रेल्वेच्या पुलापलीकडे, पूर्वेला दुकान थाटलं. पुढे छापणाऱ्यांनी या दोन हीरोंना एका गोष्टीत आणलं. गोष्ट चार भागांची, एक भाग याच्या मालिकेत, पुढचा त्याच्या. हे दोघे दुकानदार हट्टाने आपापल्याच हीरोचे अंक घेत. म्हणून एक आणि तीन पूर्वेला, दोन आणि चार पश्चिमेला.

"वाचणाऱ्यांची वाट लावली दोघांनी," मावशी म्हणाली.

मी पूल ओलांडून गेले. पलीकडच्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "कोणी पाठवलं तुला?" मला हसू आवरेना.

काकांना ते कळलंच. "गेली होतीस ना?" मी हो म्हटलं. वाटलं, आता आपली लायब्ररी बंद. पण काका फडक्याने एकच फळी पुसत राहिले.

"दुसऱ्या भागात एकमेकांना चोर समजून जिवावर उठलेत," ते म्हणाले, "आणि चौथ्यात खांद्याला खांदा लावून लढतायत. मधे काहीतरी काळंबेरं आहे. मला पटत नाही."

"तिसरा आणून देऊ?"

"त्याच्या वस्तूला मी हात लावणार नाही. तू वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी पूर्वेहून तिसरा भाग आणून मी स्टुलावर बसून इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले. काका पाठ फिरवून गठ्ठे बांधत होते. समेटाचं पान आलं. उडणारा मारता मारता थांबतो आणि विचारतो, तू घेतलंस का? मुखवटेवाला म्हणतो, नाही.

"पुढे?"

"पुढे दोघं मिळून चोर शोधायला निघतात."

"पुरावा काय दिला त्याने?"

"पुरावा नाही काका. याने विचारलं, त्याने सांगितलं, याने मानलं."

"एवढंच?"

सुतळी त्यांच्या हातातच राहिली. एरवी आमच्याशी शहरी मराठी बोलणारे काका गावच्या बोलीत पुटपुटले, "मी तेका कधी इचारूकच नाय."

साऱ्या मुलुंडची उलटतपासणी घेणारा हा माणूस, पण ज्याला विचारायचं त्यालाच विचारायचं राहून गेलं होतं. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

निघताना त्यांनी चौथा भाग माझ्या हातात ठेवला, बल्बसमोर न धरता. "त्याला दे. शेवट वाचला नसेल त्याने. कोणी पाठवलं विचारेल. माझं नाव सांग."

मी सांगितलं. पलीकडच्यांनी अंक उलटसुलट करून पाहिला. "यात त्याचा काय डाव आहे?" म्हणाले. आणि दुकान तसंच उघडं टाकून पुलाकडे चालू लागले.

गठ्ठा कोणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर संध्याकाळी जिन्याखाली दोन स्टुलं दिसायची, आणि दोघं एकमेकांची पुस्तकं बल्बसमोर धरून तपासत बसलेले असायचे.

पुढे काका गेले. जिन्याखाली आता एक किल्ल्या करणारा बसतो. मी पुस्तकांसाठी पूर्वेला जाऊ लागले. तिथे एकदा एक नवखा माणूस विचारत होता, कुठून सुरू करू? पलीकडच्यांनी वरच्या फळीवरून चारही भाग काढले, काकांच्या सुतळीने एकत्र बांधलेले.

"आधी पहिलाच द्या," तो म्हणाला. "आवडला तर बाकीचे नेईन."

"नाही. चारही एकत्र न्यायचे, एकत्र आणायचे. वेगळे करत नाही मी. एकदा केले होते."