औषध घेतलं का?

१५ डिसेंबर, रविवार. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा... लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, बसणंच होत नव्हतं. आज बसलेय.

परवा महाळुंगे पडवळला दादाकडे कांद्याची लागण चालू होती. वाफ्यात वाकलेल्या वहिनी एकदम डोकं धरून खालीच बसल्या. "डोक्यात सुतळी बॉम्ब फुटला," एवढंच बोलल्या... मग उलट्या.

मी मंचरहून थेट हॉस्पिटल गाठलं. तिथले तरुण डॉक्टर दादाला विचारत होते, "यांनी काही औषध घेतलं होतं का?"

दादा भडकलाच. "ओ डॉक्टर, आमच्या घरात तसलं काय न्हाई! भांडाण न्हाई, तंटा न्हाई, ती कशाला औषध घेईल?"

हा का भडकला, ते डॉक्टरांना कळेना. आमच्याकडे 'औषध घेतलं' म्हणजे फवारणीचं... जीव द्यायला. मी दादाला गप्प केलं आणि शांतपणे सांगितलं, "बीपी, शुगर काही नाही. कुठलंच औषध चालू नाही." किती खात्रीने सांगितलं मी ते!

स्कॅनमध्ये मेंदूच्या पृष्ठभागावर थोडं रक्त दिसलं. पुढच्या तपासणीत तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी आवळलेल्या... मण्यांच्या माळेसारख्या. "कशामुळे झालं ते कळायलाच हवं," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा झालं तर अर्धांगवायू, किंवा त्याहून वाईट."

काल दुपारी वहिनी जरा सावरल्या. "वन्सं, नाक लई चोंदलंय. पिशवीतली बाटली द्या की." मी दिली. टोपणसुद्धा मीच काढून दिलं.

त्या मान मागे टाकून नाकात थेंब सोडणार, तेवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांनी बाटली जवळजवळ हिसकावलीच. "हे कधीपासून?"

"दिवाळीपासनं. सारखंच टाकते, त्याबिगर झोप येत न्हाई."

"मग औषध नाही म्हणालात ते?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"अवो, हे कुठं औषध? हे डिराप हायेत!" वहिनीच म्हणाल्या.

दादा हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावलं... ते थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून नाक मोकळं होतं. क्वचित एखाद्याच्या मेंदूवरच्याही आवळल्या जातात. वहिनींचं बहुधा तेच झालंय, असं डॉक्टर म्हणाले. थेंब बंद केले की रक्तवाहिन्या बहुतेक वेळा काही आठवड्यांत पूर्ववत होतात.

दादाच्या 'औषधा'ला मी मनात हसले होते. माझं तरी काय वेगळं होतं? औषध म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं, एवढंच मी धरून चालले... आणि त्याच हाताने ती बाटली दिली.

आज सकाळी चहात साखर कमी म्हणून वहिनी कुरकुरल्या. इतकं गोड कुरकुरणं मी कधी ऐकलं नव्हतं.

उद्या एकच काम. डॉक्टरांच्या राऊंडआधी वहिनींना विचारायचं, आणखी काय काय घेता... 'औषध' हा शब्द न वापरता.